सात रंगांचे कप्पे

गायत्रीनं अट घातली ती फोनवर, आणि तीही बाळाला पाजता पाजता, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या सहजपणे.

"अव्वा, बाळाला घेऊन मी सास्तूरला येते. रजा संपेपर्यंत राहते. पण बाळाची खोली माझ्या मनासारखी झाली पाहिजे. नाही झाली, तर मी आपली भूमलाच बरी आहे."

फोनच्या पलीकडं, भूममध्ये लेकीच्या कानाशी बसलेल्या राजेश्वरीबाई खाकरल्या. त्या खाकरण्यात 'बघू या, विहीणबाईंना जमतंय का' असं अख्खं वाक्य होतं, आणि ते गायत्रीच्या सासूला, रुद्रम्माला, सास्तुरात स्पष्ट ऐकू आलं.

श्रीशैल आणि गायत्रीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की गावातल्या बायकांनीसुद्धा विचारायचं सोडून दिलं होतं, आणि बायकांनी विचारणं सोडलं म्हणजे आशाच संपली असं समजायचं. दवाखाने झाले, उपास झाले. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना गायत्रीला दिवस गेले आणि लेक झाली. बारसं भूमला झालं. नाव निकिता ठेवलं. रुद्रम्मा तिथं गेली, नात मांडीवर घेतली न घेतली तोच राजेश्वरीबाईंनी 'मानेखाली हात धरा, हात धरा' करत ती काढूनही घेतली. जणू रुद्रम्मानं श्रीशैलला टोपलीत घालून वाढवलं होतं! तेव्हापासून रुद्रम्माला आपली मांडी उगीच रिकामी रिकामी वाटत होती. गायत्री शाळेत शिक्षिका. रजा संपली की ती श्रीशैलकडं सोलापूरला जाणार, बाळालाही नेणार. म्हणजे मधले हे थोडे दिवस सास्तूरला मिळाले तर मिळाले, नाहीतर नात पाव्हण्यासारखी सणावारी बघायची.

"सांग की पोरी," रुद्रम्मा म्हणाली, "कसली खोली पाहिजे तुला?"

गायत्रीनं सांगितलं. भिंती पांढऱ्या. छताला निळा रंग, त्यावर ढग. खिडकीला पिवळे पडदे. "आणि पाळण्याच्या मागच्या भिंतीवर कप्पे पाहिजेत, अव्वा. लहानमोठे, सात रंगांचे. खालून सुरू व्हायचे आणि एकावर एक चढत पार वर छतापर्यंत जायचे. मजेदार दिसलं पाहिजे. बाळानं डोळे उघडले की हसू आलं पाहिजे."

"पाळण्याच्या वर?"

"हो, बरोबर वर."

रुद्रम्मा नको म्हणणारच होती. पण राजेश्वरीबाई पुन्हा खाकरायच्या बेतात आहेत असं तिला वाटलं, म्हणून ती घाईनं म्हणाली, "करू की. त्यात काय?"

तिच्या काळी बाळाची खोली असा शब्दच नव्हता. बाळाला कुंची असायची, गालावर तीट असायची, आढ्याला बांधलेली जुन्या इरकली लुगड्याची झोळी असायची आणि झोळीवर चिंध्यांच्या चिमण्या टांगलेल्या असायच्या. चिमण्या कुणाकुणाच्या चोळ्यांच्या तुकड्यांच्या. त्यामुळं बाळ झोपलं नाही तरी बायकांना वर बघून 'ही गुलाबी माझ्या लग्नातल्या खणाची' म्हणत दुपार काढता यायची. आणि हे सगळंसुद्धा बाळ जन्मल्यावर. आधी पाळण्याचा दोरदेखील घरात आणायचा नाही. रुद्रम्मानंही तो नेम पाळला होता. गायत्रीचे दिवस भरेपर्यंत तिनं त्या खोलीतला जोंधळ्याचा कणगासुद्धा हलवू दिला नव्हता. पण आता नात जन्मली होती, कणगा पडवीत गेला होता, आणि महालिंगप्पाला बोलवायला हरकत नव्हती.

महालिंगप्पा हा गावातला एकच माणूस भिंतीही रंगवायचा, प्लायवूडचं कामही करायचा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर आणि मालकाचं नावही काढायचा. यातलं सगळ्यात आवडीचं काम मोराचं. लोकांनी कपाट सांगितलं तरी तो दारावर मोर काढून ठेवी. तो रुद्रम्माला भेटला तो नेमका एसटीच्या थांब्यावर. ती आणि तिचे मालक शरणप्पा येरमाळ्याला निघाले होते. नातीसाठी येडेश्वरीला बोललेला नवस फेडायचा होता आणि नणंदेकडं चार दिवस राहून यायचं होतं.

सास्तुरात बोलणं असं चालतं की एक पाय मराठीत आणि एक कानडीत. वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं हे कुणी बघत नाही. रुद्रम्मानं गायत्रीचं सगळं जसंच्या तसं कानडीतून सांगितलं, शब्द मात्र सुनेचाच ठेवला. सात रंगांचे, लहानमोठे, एकावर एक चढत जाणारे कप्पे.

महालिंगप्पा चरकला. "कप्पे?"

"व्हय बाबा, कप्पे."

"पाळण्याच्या वर?"

"वरच पाहिजेत म्हणती. बाळाला बघून हसू आलं पाहिजे."

"किती काढू, अक्का?"

"भिंत भरंल एवढे."

"आजकालच्या पोरींचं काय सांगावं!" महालिंगप्पा म्हणाला, पण त्याचे डोळे मोराच्या वेळी चमकायचे तसे चमकले होते. तेवढ्यात एसटी आली, आणि रुद्रम्मा किल्ली त्याच्या हातात कोंबून चढली.

चार दिवसांनी दोघं परत आली. शरणप्पा हातपाय धुवायला गेले. रुद्रम्मा चप्पल न काढता तशीच खोलीच्या दारात गेली, आणि तिथंच चौकट धरून उभी राहिली.

भिंतीवर बेडूक होते.

एक-दोन नव्हे, भिंतभर. खाली तांबडे, ढोल्या पोटाचे, मांडी घालून बसलेले. त्यांच्या डोक्यावर नारंगी. नारंगींच्या डोक्यावर पिवळे. पुढं हिरवे, मग निळे, मग पारवे. एक पाय लोंबकळतोय, एक दुसऱ्याचा कान शोधतोय, एकानं खालच्याच्या डोळ्यात अंगठा घातलाय. आणि सगळ्यात वर एक इवलासा जांभळा बेडूक छताच्या ढगाला लटकून, आ वासून खाली बघत होता.

शिडीवरनं महालिंगप्पा अभिमानानं म्हणाला, "आलात का, अक्का? चढलेत का न्हाय एकावर एक?"

"अरे, हे काय केलंस?"

"कप्पे."

रुद्रम्मानं तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. कानडीत कप्पे म्हणजे बेडूक. हे तिला आईच्या पोटात असल्यापासून ठाऊक होतं. आयुष्यभर हे दोन शब्द तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले होते आणि एकानं कधी दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

"अरे शहाण्या, मराठीतले कप्पे! फळ्यांचे! सामान ठेवायचे!"

महालिंगप्पा शिडीवरनं खाली उतरला. ब्रशमधनं जांभळा रंग त्याच्या पायावर ठिबकत होता. "फळ्यांचे?" तो म्हणाला. "लेकराच्या डोक्यावर? आपल्या गावात? अक्का, मला ते मनातसुद्धा आलं न्हाय. आपल्याकडं उशाला कुणी कॅलेंडरसुद्धा लावत न्हाय. म्हणून म्हटलं, कप्पे म्हणजे कप्पेच."

तो खरं बोलत होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूर नव्यानं वसलं, घरं पक्की झाली, पण निजताना डोक्यावर भिंतीला काय आहे हे बघायची सवय काही कुणाची गेली नाही. परसात पाय धुऊन आलेले शरणप्पाही दारात थांबले होते. त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत नीट बघितली आणि म्हणाले, "वजन काय न्हाय यांचं."

तेवढं ऐकलं आणि रुद्रम्मानं धरलेली चौकट सोडली. मग तिला हसू फुटलं. ते असं फुटलं की ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि प्रत्येक वेळी आवरलं असं वाटलं की तिची नजर डोळ्यात अंगठा घातलेल्या त्या बेडकाकडं जायची.

"पुसू का?" महालिंगप्पानं पडेल आवाजात विचारलं.

"हात लावून तर बघ!"

दुसऱ्या दिवशी गायत्रीचा फोन आला. रुद्रम्माचा फोन साधा, बटणांचा. त्यात चित्रं दिसायची सोय नव्हती, आणि त्या दिवशी तिला ती फार मोठी सोय वाटली. खोटं बोलायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तसं बोलावंही लागलं नाही.

"अव्वा, कप्पे झाले?"

"झाले की."

"सात रंगांचे?"

"सातही. जांभळा मला जरा आगाऊ वाटला, पण तुझी हौस."

"एकावर एक आहेत ना?"

"एकाच्या डोक्यावर एक. चढायलेत वर."

"पक्के आहेत ना? पडायचे बिडायचे."

"चिकटून बसलेत. ओढलं तरी यायचे न्हाईत."

"आणि मोठे आहेत ना? दुपटी मावली पाहिजेत."

रुद्रम्मानं तांबड्याकडं बघितलं. "पोटं लई मोठी हायेत एकेकाची."

गायत्री हसली. "पोटं! तुमचं बोलणं म्हणजे, अव्वा! बरं, दारं नाही ना लावली? तोंडं उघडी पाहिजेत मला."

"उघडीच हायेत. आ वासलेली."

मागनं राजेश्वरीबाईंचा आवाज आला, "विचार तिला, पॉलिश केलंय का? नाहीतर कुसळं लागायची."

"इनबाईला म्हणावं, नुसती चकचकतायत," रुद्रम्मा म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा पदर तोंडात घातला.

इथवर ठीक होतं. पण खोडीचं असं असतं की एक पचली की दुसरीची भूक लागते. दाराजवळच्या कोपऱ्यात थोडी भिंत मोकळी राहिली होती.

"इथं एक बसव," तिनं महालिंगप्पाला सांगितलं.

"कसलं, अक्का?"

"भूमचं. जरा थोराड. चष्मा घाल, चष्म्याला सोनेरी साखळी. हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. आणि तोंड... दुसऱ्याच्या घरचं सार चाखल्यावर माणूस करतं ना, तसं."

"तसं म्हणजे कसं?"

"असं रे!" म्हणून रुद्रम्मानं ओठांचे कोपरे खाली ओढले, भुवया वर नेल्या आणि मान जरा मागं घेतली.

"हालू नका," महालिंगप्पा म्हणाला.

बेडूक फार सुरेख उतरला. शरणप्पा येता-जाता त्याच्याकडं बघत, मग बायकोकडं बघत, आणि ओट्यावर जाऊन बसत.

गायत्री यायचा दिवस उजाडला. गाडी दारात थांबली. श्रीशैल उतरला, बाळाला घेऊन गायत्री उतरली, आणि तिच्या मागोमाग, ज्यांचं येणं ठरलेलं नव्हतं त्या राजेश्वरीबाई उतरल्या.

"खोली बघते आणि जाते," त्या म्हणाल्या. त्यांनी सोबत पिशवी आणली नव्हती. पण गाडी त्यांनी वळवून उभी करायला लावली, आणि गायत्रीच्या बॅगाही खाली उतरवू दिल्या नाहीत. रुद्रम्मानं ते बघितलं.

ओवाळून झालं. बाळाच्या पायावर पाणी झालं. रुद्रम्मा सगळ्यांच्या पुढं खोलीत गेली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, त्या सोनेरी साखळीवाल्या बेडकापुढं पाठ लावून उभी राहिली.

गायत्री आत आली. ढग बघितले, पिवळे पडदे बघितले, आणि मग भिंत बघितली. तिनं बाळाला एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. श्रीशैलला मात्र ठसका लागला. गायत्रीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा तो थांबला.

"अव्वा, कप्पे कुठंयत?"

"हे काय."

"हे बेडूक आहेत."

"कानडीत त्यालाच कप्पे म्हणतेत," रुद्रम्मा म्हणाली. हे वाक्य तिनं आठवडाभर घोकलं होतं आणि दर वेळी तिला ते फार विनोदी वाटलं होतं. आता ते तिलाच तसं वाटेना.

"अगं बाई!" राजेश्वरीबाई म्हणाल्या. "लेकराला बेडकांत ठेवायचं? बाळाची खोली हाय का डबकं? गायत्री, चल गाडीत."

"बेडकाला काय झालं?" रुद्रम्मा म्हणाली. "पावसानं ओढ दिली की बेडूकच टांगून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत फिरायची पोरं. माझी आई घागरभर पाणी ओतायची त्यांच्या अंगावर. ज्याची लई वाट बघायची, त्याच्या पुढं बेडूकच चालतंय, इनबाई."

"तो पाऊस झाला. ही माझी नात आहे."

"तुमची एकटीची?"

"आई, थांब जरा," गायत्री म्हणाली. ती रुद्रम्माकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रुद्रम्माला जड गेलं. "अव्वा, चूक झाली ते समजलं. शब्दाचा घोळ झाला. पण तुम्हाला कळल्यावर मला सांगितलं का नाही? पांढरा हात मारून कप्पे बसवता आले असते की. मी फोनवर इतकं विचारत होते आणि तुम्ही माझी मजा घेत होता?"

रुद्रम्मानं बाळाकडं बघितलं. बाळ तळहाताएवढ्या तोंडानं जांभई देत होतं. आता काही तरी ठसकेबाज बोलावं, आणि निसटावं, असं तिला वाटलं. पण बाहेर गाडी भूमकडं तोंड करून उभी होती.

"मजा घेतली, ते खरं," ती म्हणाली. "पण फळ्या मला नकोच होत्या. तिच्या डोक्यावर नको होत्या. भूकंपाच्या आधी आपल्या जुन्या घरात उशाला फळी होती. फळीवर पितळेच्या घागरी. सकाळी ढिगारा उपसला तेव्हा मोठी घागर उशीवर पडलेली सापडली. उशीची पार चकती झालेली."

"कुणाची उशी?" श्रीशैलनं विचारलं.

"तुझी. तू त्या रात्री अज्जाजवळ निजायचा हट्ट धरलास, अंगणात. मी तुला त्यापायी दोन धपाटे घातले होते."

श्रीशैलला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याचा ठसका पार गेला.

"मग हे फोनवरच सांगायचं ना, अव्वा," गायत्री म्हणाली.

"तुझी अट होती. न्हाय म्हणलं असतं तर तू आलीच नसतीस." रुद्रम्माचा आवाज जरा चिरकला, म्हणून तिनं तो रागाचा करून टाकला. "आता आलीस. बघितलंस. गाडी वळवूनच ठेवलीय तुझ्या आईनं. पण जायचं असंल तर चहा घेऊन जा."

गायत्री भिंतीजवळ गेली. खालच्या तांबड्यापासनं वरच्या जांभळ्यापर्यंत तिनं एकेक बेडूक बघितला. डोळ्यातल्या अंगठ्यापाशी ती थांबली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिनं वर बघितलं. छताकडं, भिंतीकडं, जिथं तिच्या मनात इतके दिवस फळ्या होत्या तिथं. आणि बाळाला खांद्यावरनं छातीशी घेतलं.

"पाळणा इथं बांधू," ती म्हणाली, "या निळ्याच्या खाली. श्रीशैल, बॅगा आण."

श्रीशैल पळालाच. राजेश्वरीबाई एकदम एकट्या पडल्यासारख्या झाल्या. हरलेलं माणूस खोलीत नावं ठेवायला काही सापडतंय का बघतं, तशा त्या बघायला लागल्या. पडदे ठीक होते. फरशी पुसलेली होती. मग त्यांची नजर रुद्रम्मावर आली.

"तुम्ही मघापासनं त्या कोपऱ्यात काय चिकटून उभ्या आहात?"

"काय न्हाय. पाठ दुखती."

"बाजूला व्हा बघू."

"राहू द्या की, इनबाई."

राजेश्वरीबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. चष्मा, सोनेरी साखळी, हनुवटीखालची हनुवटी, खाली ओढलेलं तोंड. राजेश्वरीबाईंनी आपला चष्मा साखळीनं वर ओढून नाकावर बसवला आणि वाकून बघितलं. रुद्रम्मानं डोळे मिटून घेतले.

"अगंऽ बाई!" राजेश्वरीबाई ओरडल्या. "हे तर हुबेहूब तुम्ही! ते तोंड बघा की! बारशाला माझ्या हातचं सार खाताना अस्संच केलं होतंत!"

रुद्रम्मानं डोळे उघडले. "मी?"

"मग कोण? चष्मा तेवढा चुकलाय, साखळी न्हाय तुमच्या चष्म्याला. बाकी सगळं तुम्हीच!"

दारातनं शरणप्पा म्हणाले, "मला वाटलं, हौसेनं काढून घेतलंस."

रुद्रम्मानं बेडकाकडं बघितलं. महालिंगप्पा 'हालू नका' म्हणाला होता ते तिला आता आठवलं. त्यानं राजेश्वरीबाईंना जन्मात बघितलेलं नव्हतं.

राजेश्वरीबाईंचा चेहरा आता असा फुलला होता की बारशालाही तो तसा दिसला नव्हता. "मी राहते दोन-चार दिवस," त्यांनी जाहीर केलं. "लेकराला या बेडकांची सवय होईपर्यंत. पिशवी मागवून घेते. आणि तो रंगारी कुठाय तुमचा? बोलवा त्याला. यात अजून सुधारणा पाहिजे."

महालिंगप्पा हाकेच्या अंतरावरच होता. बॅगा घेताना श्रीशैलनं त्यालाही हाताशी धरलं होतं. राजेश्वरीबाईंनी त्याला ब्रश घेऊन बेडकापुढं बसवलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून शेजारी उभ्या राहिल्या. बाळाचं काय चाललंय याकडं त्यांचं लक्षच राहिलं नाही. गायत्री पाळण्याचा दोर बघत होती. तिनं बाळ मुकाट्यानं रुद्रम्माच्या हातात दिलं.

रुद्रम्मा बाळाला घेऊन ओट्यावर आली आणि पाय पसरून बसली. मांडीवर घेतलं तशी नात एकदा वळवळली आणि गप झाली. आतनं आवाज येत होते.

"नाक जरा फेंदारा. राग आल्यावर त्यांचं कसं होतं, तसं."

"तसं म्हणजे कसं, बाई?"

"अहो, असं!"

मग महालिंगप्पाचा मन लावून काम करतानाचा तो जड आवाज आला.

"हालू नका."